मासा ओढू लागताच दोरा तुटतो: खाडीतल्या गरवणीचा नेहमीचा बिघाड कसा शोधावा

चोणक गळाला लागतो, पाण्याबाहेर डोके काढून एकदा गळ झटकतो, कांदळवनाच्या मुळांकडे मुसंडी मारतो आणि पुढच्याच क्षणी वाकलेली काठी सरळ होऊन हातात हलकी पडते. दोरा तुटलेला असतो. मांडवी, कुंभारजुव्याचा कालवा आणि शापोरा नदी येथे गेली अनेक वर्षे मी काठी आणि रीळ घेऊन गरवत आलो आहे, आणि याच एका तक्रारीसाठी शेजारपाजारच्या गरवणाऱ्यांची रिळे माझ्या पडवीतल्या टेबलावर येत असतात. बहुतेक जण येताना अधिक जाड दोरा विकत घेऊनच येतात. माझा अनुभव असा आहे की दोष दोऱ्यात क्वचितच असतो. तो दोऱ्याच्या वाटेवर, म्हणजे गाठीपासून रिळाच्या पोटापर्यंत, कुठेतरी दडलेला असतो, आणि जाड दोऱ्याने तो फक्त काही दिवस झाकला जातो.

लक्षणे

दोरा तुटला एवढेच सांगितल्याने काही कळत नाही. तो केव्हा आणि कसा तुटला हे आठवणे आवश्यक असते. मासा लागल्यानंतर पहिल्या दोन-तीन सेकंदांतच, स्पूल, म्हणजे रिळातील दोरा गुंडाळलेली चकरी, फिरायला सुरुवात होण्याआधी दोरा तुटत असेल, तर संशय ड्रॅगवर घ्यावा. मासा जोराने ओढू लागला की ठरावीक ताणानंतर स्पूल घसरू देऊन दोरा सोडणारी घर्षणाची जी व्यवस्था रिळात असते, तिला ड्रॅग म्हणतात. मासा ओढत असताना काठीचे टोक सलग वाकलेले न राहता थरथरत राहते आणि दोरा हिसके देत सुटतो, हेही ड्रॅगचेच लक्षण आहे. मासा बराच दोरा घेऊन गेल्यावर, आता तो थकला असे वाटत असताना दोरा तुटत असेल, तर कारण वेगळे असते आणि ते पुढे सांगितले आहे. फेकतानाच आमिष दोऱ्यापासून सुटून दूर पाण्यात पडत असेल, तर काठीवरच्या, दोरा ओवलेल्या कड्या, दोऱ्याचा पीळ किंवा बेल, म्हणजे दोरा स्पूलवर गुंडाळणारी तारेची कमान, यांपैकी एकाचा दोष असतो. शेवटचे लक्षण फसवे आहे: ड्रॅग कितीही आवळला तरी स्पूल फिरल्याविना दोरा निसटतच राहतो, आणि मग एकाएकी आवळून तुटतो.

ज्यांच्या रिळाचा दांडा फिरवताना खरखर ऐकू येते किंवा दांडा उलट्या दिशेनेही फिरतो, त्यांनी खालच्या पहिल्या काही तपासण्या करून थेट शेवटच्या भागाकडे जावे.

तुटलेले टोक टाकून देऊ नका

पहिल्या तपासणीला काहीच खर्च येत नाही, तरीही ती जवळजवळ कोणीच करत नाही. दोरा तुटल्यावर वैतागाने टोक कापून नवी गाठ मारली जाते आणि सर्वात मोठा पुरावा पाण्यात जातो. ते टोक उजेडाकडे धरून पाहावे. टोक डुकराच्या शेपटीसारखे वळलेले असेल, तर दोरा तुटलेला नाही, गाठ सुटलेली आहे. दोरा गाठीतून सरकत बाहेर येताना असा वळतो. टोकाजवळचा काही सेंटिमीटर भाग पांढुरका आणि बोटाला खरखरीत लागत असेल, तर दोरा कशावर तरी घासला आहे. टोक स्वच्छ, जवळजवळ कातरीने कापल्यासारखे असेल, तर एक तर कालवाच्या शिंपल्याची किंवा माशाच्या अवयवाची धार लागली आहे, किंवा तडा गेलेल्या कडीने दोरा कापला आहे. ब्रेडेड, म्हणजे बारीक धागे विणून केलेल्या, दोऱ्याचे टोक कुंचल्यासारखे पिंजारलेले असेल, तर ताण हळूहळू वाढत जाऊन एकेक धागा तुटत गेला आहे.

टोकाइतकेच महत्त्वाचे म्हणजे दोरा गळापासून किती अंतरावर तुटला. गळापाशी तुटला तर गाठ पाहावी. गळापासून हातभर अंतरात तुटला तर माशाचे तोंड आणि पाण्यातले दगड यांचा विचार करावा. याहून लांब तुटला, आणि दर वेळी साधारण त्याच अंतरावर तुटत असेल, तर काठीवरील कड्यांकडे वळावे. मी माझ्या डबीत तुटलेली टोके कागदाच्या पुडीत ठेवतो आणि पुडीवर तारीख व जागा लिहितो. तीन पुड्या जमल्या की बिघाड बहुधा आपणहून ओळखू येतो.

शेवटचे दोन मीटर

दुसरी तपासणी म्हणजे गळापासून वरचा सुमारे दोन मीटर दोरा अंगठा आणि तर्जनीच्या नखांमधून हळू ओढणे. नखाला जिथे बारीकसा खडबडीतपणा जाणवेल तिथून खालचा दोरा कापून टाकावा, मग तो दोरा कालच आणलेला असला तरीही. गोव्याच्या खाड्यांत ही तपासणी दर अर्ध्या तासाने करण्याची गरज असते, कारण आपल्या नद्यांच्या काठाचे बांधकाम चिऱ्याचे आणि त्यावर कालवांचा थर. १६३३-३४ साली बांधलेल्या रायबंदरच्या जुन्या बांधावर बसून गरवणारे, खाजनाच्या मानशीखाली, म्हणजे खाऱ्या शेतजमिनीच्या बांधातील पाण्याच्या दरवाजाखाली, गरवणारे आणि फेरीच्या धक्क्यावर गरवणारे, या तिघांच्याही दोऱ्याला कालवांची धार सारखीच लागते. ज्यांनी ओहोटीच्या वेळी या दगडांवर अनवाणी पाय ठेवला आहे त्यांना ती धार कशी असते हे समजावून सांगावे लागत नाही.

त्यातच आपले मासेही दोऱ्याला सोडत नाहीत. चोणकाचे, म्हणजे ज्याला रायगडकडे जिताडा म्हणतात त्याचे, तोंड आतून कानशीसारखे खरखरीत असते आणि कल्ल्यांवरील झाकणाची कडा इतकी धारदार असते की मासा उडी मारून डोके झटकतो तेव्हा तीच कडा दोऱ्यावरून फिरते. तांबसोला तर पुढे सुळेच असतात. म्हणून मुख्य दोऱ्याच्या टोकाला साधारण मीटरभर जाड तंगुसाचा, म्हणजे नायलॉनच्या एकपदरी दोऱ्याचा, किंवा फ्लुओरोकार्बनचा लीडर, म्हणजे धार सोसणारा जोडतुकडा, जोडावा. ३० ते ४० पौंडांचा, म्हणजे साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाडीचा लीडर नदीतील बहुतेक चोणकांना पुरतो. ब्रेडेड दोरा थेट गळाला बांधणे ही माझ्या मते खाडीतली सर्वात महागडी काटकसर आहे. ताणाला तो अतिशय बळकट असतो, पण धारेपुढे त्याचे बारीक धागे टिकत नाहीत.

गाठ

टोक वळलेले आढळले असेल तर रिळाला हात लावण्याचे कारण नाही, गाठच सुधारावी. नायलॉनच्या तंगुसाची गाठ कोरडी आवळली की दोऱ्यावर दोरा घासून उष्णता निर्माण होते आणि नेमक्या त्याच जागी नायलॉन कमकुवत होते. म्हणून गाठ आवळण्यापूर्वी ती पाण्याने किंवा थुंकीने ओली करावी आणि हिसका न देता सावकाश आवळावी. ब्रेडेड दोऱ्याचा प्रश्न उलटा आहे. तो पॉलिथिलीनचा असल्याने इतका गुळगुळीत असतो की तंगुसाला चालणारी तीन-चार वेढ्यांची गाठ त्याच्यावर घसरते. त्याच्यासाठी दुहेरी दोऱ्याची पालोमार गाठ वापरावी, किंवा युनी गाठ वापरायची असल्यास वेढे वाढवून सात-आठ करावेत. लीडर जोडण्यासाठी एफजी गाठ उत्तम, कारण ती कड्यांमधून अडथळ्याविना जाते. मात्र ती घरी शांतपणे बसून पंचवीस-तीस वेळा बांधून पाहिल्याशिवाय नदीवर तिच्यावर विसंबू नये. तोवर दुहेरी युनी पुरेशी आहे.

हिमाचलातील किंवा काश्मीरमधील थंड, नितळ ओढ्यांवर माशीच्या आकाराचे आमिष टाकून ट्राउट धरणाऱ्यांचे या बाबतीत अनुकरण करावे. त्यांच्या दोऱ्याचा शेवटचा तुकडा, ज्याला टिपेट म्हणतात, पुष्कळदा ०.१५ मिलिमीटर इतकाच जाड असतो, कारण स्वच्छ पाण्यात त्याहून जाड दोरा माशाला दिसतो. जाड दोऱ्याचा आधार नसल्याने गाठ, ओलावा आणि ताण या तिन्ही गोष्टी त्यांना बिनचूक सांभाळाव्याच लागतात. आपल्या गढूळ पाण्यात जाड दोरा खपून जातो आणि त्यामुळेच आपली गाठ सुधारत नाही.

कड्या

आता कापसाचा एक बोळा घ्यावा. काठीवरील प्रत्येक कडीच्या आतल्या वळ्यातून तो फिरवत बाहेर काढावा. सिरॅमिकच्या वळ्याला केसाइतका बारीक तडा गेला असेल तर डोळ्यांना तो दिसत नाही, पण कापसाचे तंतू त्यात अडकून राहतात. टोकाच्या कडीपासून सुरुवात करावी, कारण काठी भिंतीला टेकवताना, दुचाकीवरून नेताना आणि गाडीचे दार लावताना सर्वाधिक मार तिलाच बसतो. दोष सापडला तर ती काठी त्या दिवसापुरती बाजूला ठेवावी. टोकाची कडी घरी बदलता येते, कारण ती बहुधा उष्णतेने वितळणाऱ्या गोंदाने बसवलेली असते. मात्र मेणबत्तीची ज्योत थेट काठीवर न धरता फक्त कडीच्या धातूच्या नळीला बेताची ऊब द्यावी, अन्यथा कार्बनच्या काठीतील राळ जळून काठीच निकामी होते. मधल्या कड्या दोऱ्याने गुंडाळून त्यांवर इपॉक्सी दिलेल्या असतात. त्या बदलण्याचे काम जाणकाराकडे द्यावे.

कड्या पाहून झाल्या की बेलच्या कोपऱ्यातील लहानसा रोलर बोटाने फिरवून पाहावा. दोरा रिळात शिरताना याच रोलरवरून वळतो. तो मिठाने अडकला असेल तर दोरा त्याच्यावरून फिरण्याऐवजी घासत जातो, हळूहळू त्यात चर पडते आणि मग ती चर दोरा कातू लागते. अडकलेला रोलर कोमट पाण्याच्या थेंबांनी मीठ विरघळवून मोकळा करावा, पूर्ण वाळू द्यावा आणि त्याला शिलाई यंत्राच्या तेलाचा एक थेंब द्यावा. चर पडलेला रोलर मात्र बदलण्याला पर्याय नाही.

ड्रॅग मोजणे

बहुतेक तक्रारींचे मूळ या तपासणीत सापडते, म्हणून येथे थोडे थांबतो. ड्रॅग हाताने ओढून पाहण्याची पद्धत सर्वत्र आहे आणि ती पूर्णपणे फसवी आहे, कारण हाताला दोन किलो आणि चार किलो यांतला फरक नीट कळत नाही. त्याऐवजी सामान तोलण्याचा साधा लटकता स्प्रिंगकाटा घ्यावा. दोऱ्याच्या टोकाला फास करून तो काट्याच्या आकड्यात अडकवावा, काठी कोणाला तरी ओढीच्या दिशेने धरायला सांगावी आणि काटा सावकाश ओढत जावा. दोन आकडे टिपून ठेवायचे: स्पूल हलण्यापूर्वी काटा जिथवर चढला तो, आणि स्पूल सलग फिरत असताना तो जिथे स्थिर राहिला तो.

गेल्या पावसाळ्यानंतर शेजारचे एक काका त्यांचे रीळ तिसऱ्यांदा घेऊन आले. प्रत्येक वेळी त्यांनी दोरा बदलला होता, आणि या वेळी तो २० पौंडांचा, म्हणजे सुमारे नऊ किलोंचा होता. आम्ही काटा लावला. तो दोनवर गेला, तीनवर गेला, चार ओलांडून पाचच्या जवळ पोहोचला तरी स्पूल जागचा हलेना, आणि मग खट् आवाज होऊन स्पूल फिरला तसा काटा घसरून दोनवर आला. काकांनी ड्रॅग दोन किलोंवर लावला होता हे त्यांचे म्हणणे खरेच होते. पण माशाची पहिली ओढ दोन किलोंवर नव्हे, पाच किलोंवर अडत होती, आणि त्या ओढीत माशाच्या वेगाचा हिसकाही मिसळलेला होता. गाठीमुळे आधीच कमी झालेली दोऱ्याची ताकद त्यापुढे पुरी पडत नव्हती.

चांगल्या ड्रॅगमध्ये हे दोन आकडे जवळजवळ असतात. पहिला आकडा दुसऱ्याच्या दीडपट किंवा त्याहून अधिक असेल तर ड्रॅगच्या आत एकमेकींवर दाबून बसवलेल्या चकत्या चिकटल्या आहेत असे समजावे. चिकटण्याचे कारण आपल्या हवामानात आहे. खाऱ्या पाण्याचे तुषार स्पूलखाली शिरतात, पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते. आणि हवेतील आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलेच पाणी शोषून विरघळू लागते. गोव्यात पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटते ते याचमुळे. रिळाच्या पोटातले मीठही कपाटात बंद असताना महिनोन्‌महिने असेच ओले होत आणि वाळत राहते, ॲल्युमिनियम आणि पोलाद जिथे एकमेकांना टेकतात तिथे खाऱ्या ओलाव्याने गंज धरतो, आणि ऑक्टोबरात रीळ बाहेर काढावे तर चकत्या एकमेकींना धरून बसलेल्या असतात.

ड्रॅग किती ठेवावा याचा नियम सोपा आहे: दोऱ्याच्या लिखित ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाइतका. नऊ किलोंच्या दोऱ्यासाठी सव्वादोन ते तीन किलो पुरेसे होतात. याहून अधिक का नको, याचे उत्तर त्या लक्षणात आहे ज्यात मासा लांब गेल्यावर दोरा तुटतो. दोरा निघून जातो तसा स्पूलवरील गुंडाळीचा व्यास कमी होतो, पण चकत्यांची पकड तीच राहते. त्यामुळे त्याच पकडीवर मात करायला माशाला अधिक जोर लावावा लागतो. भरलेल्या गुंडाळीची त्रिज्या २५ मिलिमीटर असताना ड्रॅग अडीच किलोंवर लावला असेल, तर त्रिज्या २० मिलिमीटर झाल्यावर तोच ड्रॅग ३.१ किलोंहून अधिक होतो. काठी वाकल्यावर कड्यांवर होणारे घर्षण त्यात मिळवावे लागते ते वेगळे. अशा वेळी घाबरून ड्रॅगची गुंडी आणखी आवळणे ही चूक मी स्वतः दिवाडीच्या फेरीधक्क्याजवळ केली आहे. आजवर माझ्या गळाला लागलेला सर्वात मोठा चोणक मी त्यात गमावला. मासा लांब गेल्यावर ड्रॅग किंचित सैल करावा लागतो, आणि हे मनाला पटायला वेळ लागतो.

गुंडाळी आणि पीळ

ब्रेडेड दोरा सैल गुंडाळलेला असेल तर मासा ओढताना वरचा वेढा खालच्या वेढ्यांमध्ये रुततो आणि दोरा जागच्या जागी अडकतो. ड्रॅग निर्दोष असूनही मग दोरा तुटतो. म्हणून नवा दोरा भरताना तो ओल्या फडक्याच्या चिमटीतून, चांगला ताण देऊन गुंडाळावा आणि स्पूलच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर जागा मोकळी सोडावी. याच दोऱ्याच्या खाली, धातूच्या स्पूलवर, आधी काही मीटर तंगूस गुंडाळलेला नसेल तर संपूर्ण गुंडाळीच स्पूलवरून घसरते. ड्रॅग कितीही आवळला तरी दोरा निसटत राहतो असे जे फसवे लक्षण वर सांगितले, त्याचे कारण हेच. ड्रॅग पूर्ण आवळून, स्पूल हाताने घट्ट धरून दोरा ओढावा. स्पूल स्थिर राहून गुंडाळी फिरली तर निदान पक्के झाले.

पीळ हा आपल्याच सवयीचा परिणाम असतो. मासा दोरा नेत असताना आपण दांडा फिरवत राहिलो तर दोरा आत येत नाही, त्याला फक्त पीळ बसतो, आणि पाचास एक अशा गतीच्या रिळात दांड्याच्या एका फेऱ्याला पाच पीळ बसतात. पीळ बसलेल्या दोऱ्याची वेटोळी फेकताना कडीत अडकतात आणि आमिष तुटून जाते. मासा ओढतो तेव्हा दांडा थांबवावा, आणि फेकल्यानंतर बेल दांडा फिरवून न मिटवता हाताने मिटवावी. बसलेला पीळ काढायचा असल्यास गळ आणि शिसे काढून नुसता दोरा ओहोटीच्या प्रवाहात पन्नास-साठ मीटर सोडावा, काही मिनिटे तसाच राहू द्यावा आणि ताण ठेवून परत गुंडाळावा. फेरीच्या मार्गात किंवा होड्यांची ये-जा असलेल्या ठिकाणी हे करू नये.

चकत्या उघडणे

काट्याने ड्रॅग सदोष ठरवला असेल आणि रीळ पुढच्या बाजूने ड्रॅगची गुंडी असलेल्या साध्या बनावटीचे असेल, तर चकत्या घरी स्वच्छ करता येतात. जमिनीवर पांढरे कापड अंथरावे. गुंडी उलट फिरवून काढावी, स्पूल बाहेर घ्यावा, त्याच्या तोंडाशी असलेले तारेचे कडे टोकदार चिमट्याने उचलावे. ते उडून जाते, म्हणून त्यावर दुसऱ्या हाताचा अंगठा ठेवावा. आतून धातूची आणि फेल्टची किंवा कार्बनची अशा चकत्या आळीपाळीने निघतील. त्या निघाल्या त्याच क्रमाने कापडावर मांडाव्यात आणि भ्रमणध्वनीवर छायाचित्र घ्यावे, कारण एक चकती उलटसुलट बसली तरी ड्रॅग आधीपेक्षा वाईट होतो.

काकांच्या रिळातील फेल्टच्या चकत्या करड्या झाल्या होत्या आणि त्यांच्या कडेला मिठाचे पांढरे स्फटिक साखरेसारखे बसले होते. धातूच्या चकतीवर नख फिरवले तर ते अडखळत होते. अशा चकत्या गोड्या कोमट पाण्यात बुडवून ठेवाव्यात, धातूच्या चकत्या मऊ कापडाने पुसाव्यात, सर्व पूर्ण वाळू द्याव्यात. फेल्ट दाबून चपटे व कडक झाले असेल तर नवे बसवावे. चकत्यांना फक्त ड्रॅगसाठीचेच ग्रीस, तेही अगदी पातळ हाताने, लावावे; गाडीचे ग्रीस किंवा गंज सोडवणारा फवारा येथे चालत नाही, कारण ग्रीसने पकड बिघडते आणि फवारा आतले मूळ वंगण धुऊन नेतो. सर्व जागच्या जागी बसवल्यावर पुन्हा काटा लावावा. काकांचे रीळ सव्वादोन किलोंवर हलले आणि दोनवर स्थिर राहिले. दोरा आम्ही तोच ठेवला.

हे काम वारंवार करावे लागू नये म्हणून नदीवरून आल्यावर ड्रॅग आवळून रीळ नळाच्या मंद धारेखाली धरावे. आवळल्याने पाणी चकत्यांत शिरत नाही. रीळ बादलीत बुडवू नये आणि जोराचा फवाराही मारू नये, त्याने मीठ आत ढकलले जाते. मग पाणी झटकून, ड्रॅग पूर्ण सैल करून ते सावलीत वाळवावे आणि सैल ठेवूनच कपाटात ठेवावे, म्हणजे फेल्ट दाबले जाणार नाही.

येथे थांबावे

चकत्यांच्या पलीकडे, रिळाच्या पोटाचे झाकण उघडण्याचा सल्ला मी देत नाही. दांडा उलटा फिरत असेल तर एका दिशेने फिरू देणारे रोलर बेअरिंग बिघडले आहे. त्यावर बाहेरून तेल सोडले तर ते अधिकच घसरते. दांडा फिरवताना खरखर होत असेल तर मुख्य दंतचक्र किंवा बेअरिंग खराब झाले आहे, आणि त्यांच्यामधले अंतर सांभाळणाऱ्या कागदासारख्या पातळ चकत्या एकदा चुकल्या की रीळ पुन्हा पूर्वीसारखे चालत नाही. पाणी शिरू नये म्हणून बंदिस्त केलेल्या रिळाचे तर ड्रॅगही घरी उघडू नये, कारण त्यातील रबरी सील पुन्हा नीट बसले नाही तर पहिल्याच भरतीला खारे पाणी आत जाते. ज्यांची हमीची मुदत शिल्लक आहे त्यांनी एकही स्क्रू सैल करू नये. कार्बनच्या काठीला तडा दिसला, किंवा वाकवताना ती कडकड वाजली, तर तिला चिकटपट्टी गुंडाळून काम चालवू नये. ती ताणाखाली फुटते आणि तिचे टोकदार तुकडे डोळ्याकडे येतात.

नदीवर थांबायचे प्रसंग याहून गंभीर असतात. गळ हातात त्याच्या उलट्या अणीपर्यंत रुतला असेल, सांध्याजवळ असेल किंवा डोळ्याच्या आसपास असेल, तर तो ओढून काढण्याचा प्रयत्न न करता दोरा कापून सरळ इस्पितळ गाठावे आणि धनुर्वाताच्या लसीची विचारणा करावी. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत. तिथे आमिष मुळांत अडकले तर ते सोडवण्यासाठी पाण्यात उतरू नये, दोरा काठीने न ओढता हाताला फडके गुंडाळून सरळ ओढावा आणि तुटला तर तुटू द्यावा. कार्बनची काठी वीज वाहून नेते, म्हणून खाजनाच्या बांधांवरून गेलेल्या विजेच्या तारांखाली फेकू नये आणि गडगडाट ऐकू येताच काठी खाली ठेवून आसरा गाठावा.

रीळ कारागिराकडे नेताना ते धुऊन पण तेल न लावता न्यावे, कारण तेलाखाली गंज दिसत नाही. बिघाड कसा झाला हे तोंडी सांगण्यापेक्षा काट्यावरचे दोन्ही आकडे, दोऱ्याची ताकद आणि तुटण्याचे अंतर कागदावर लिहून द्यावे, आणि त्याच कागदात तुटलेले टोक गुंडाळून ठेवावे.